अजिंठ्याचे रंग आणि पडद्याचे प्रमाण

देगलूर मराठवाड्याच्या आग्नेय सीमेवर वसले आहे, तर अजिंठा वायव्य टोकास आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ही दोन्ही स्थळे हैदराबादच्या प्रशासनाखाली होती. आज देगलूरच्या विद्यार्थ्यास अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे पहिले दर्शन बहुधा संगणकाच्या पडद्यावरच घडते. तेथे दिसणारा निळा रंग भिंतीवरील निळाच आहे काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ यंत्रज्ञांपुरता उरत नाही.

या प्रश्नाचा इतिहास पडद्यापेक्षा जुना आहे. रॉबर्ट गिल याने १८४४ नंतर अनेक वर्षे खपून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी यांनी नव्याने प्रती तयार केल्या. त्यांतीलही बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. त्यामुळे मूळ भिंतीशी ताडून पाहण्याजोगे जुने साक्षीदारच उणावले.

दुसरी अडचण भिंतीवरच निर्माण झाली. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने बोलाविलेले इटालियन तज्ज्ञ चेक्कोनी व ओर्सिनी यांनी १९२० ते १९२२ च्या सुमारास चित्रांच्या रक्षणासाठी लाखेचे रोगण दिले. हेतू चांगला होता. परंतु असे रोगण कालांतराने पिवळे पडते. पिवळा थर निळा प्रकाश शोषून घेतो. त्यामुळे पांढरा रंग पिवळट, तर निळा हिरवट भासू लागतो. पुढे गुलाम यझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या शीर्षकातच चित्रे छायाचित्रणावर आधारित असल्याचे नमूद केले. चित्रकाराच्या हाताऐवजी यंत्राची साक्ष आली खरी; तथापि यंत्र जे समोर असेल तेच टिपते, मग ते रोगणासह का असेना.

पडद्याचे प्रमाणीकरण या साखळीतील शेवटचा दुवा होय. ‘गॅमा’ हे ग्रीक अक्षर छायाचित्रणात हर्टर व ड्रिफील्ड यांच्या १८९० च्या संशोधनातून रूढ झाले. निगेटिव्हवरील काळेपणा प्रकाशाच्या मानाने किती वेगाने वाढतो, त्याचे ते माप होते. पुढे चित्रनलिकेच्या पडद्यासही ते लागू पडले. कारण त्यात विद्युद्दाब निम्मा केला म्हणजे प्रकाश निम्मा होत नाही. गॅमा २.२ असल्यास निम्म्या संकेताला पूर्ण प्रकाशाच्या सुमारे २२ टक्केच प्रकाश मिळतो. हा आकडा चढला तर गर्द तपकिरी पार्श्वभूमीतील आकृती काळोखात बुडतात. उतरला तर चित्र धुरकट होते. १९९६ मध्ये सुचविलेल्या व १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या ‘एसआरजीबी’ पद्धतीत सुमारे २.२ गॅमा आणि दिवसाच्या उजेडाजवळचा, सुमारे ६५०० केल्विनचा पांढरा रंग गृहीत धरला आहे. प्रमाणीकरणात पडद्यावर ठेवलेला प्रकाशमापक ठरावीक संकेतांचा प्रत्यक्ष रंग मोजतो आणि जो फरक आढळेल, त्याची दुरुस्ती संगणक नोंदवून ठेवतो. डोळा समोरच्या उजेडाशी लवकर सरावतो. म्हणून हे काम डोळ्यावर सोडता येत नाही.

मराठी वाचकास ही रीत परकी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, त्या काळी ग्रंथाच्या प्रतींत पाठभेद साचले होते. रंगांच्या बाबतीतही तसेच घडते: मूळ भिंत, तिच्यावरील रोगण, छायाचित्र आणि पडदा या प्रत्येक टप्प्यावर नवा पाठ जन्मतो. प्रमाणित पडदा अखेरचा पाठभेद दूर करतो. आधीचे मात्र तसेच राहतात. म्हणून अजिंठ्याचे कोणतेही चित्र पडद्यावर मांडताना छायाचित्राचे वर्ष, वापरलेला प्रकाश आणि भिंतीची तत्कालीन स्थिती यांची नोंद सोबत असावी. ती नसल्यास देगलूरचा विद्यार्थी रोगणाचा पिवळेपणाच अजिंठ्याचा वर्ण मानील, आणि त्याचा पडदा निर्दोष असूनही ही चूक त्याच्या ध्यानी येणार नाही.