दोन पडदे आणि एक हरवलेले रीळ

वेळापूरचा मुक्काम आटोपून माउलींची पालखी भंडीशेगाव, वाखरी करीत पंढरपुरास पोहोचते, हे आपल्या भागात लहान पोरालाही ठाऊक असते. त्याच पंढरपुरात चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म झाला, हे मात्र सांगावे लागते. आणि १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी केलेल्या 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' या लघुपटाला बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले होते, हे तर अनेक कलाप्रेमींच्याही गावी नसते. राजस्थानातील गल्ल्या, छत्री, कंदील, जोडा. आणि कथा मुळीच नाही.

मित्रहो, आजचा धागा हुसेन यांच्याविषयी नाही. चित्रकाराने कॅमेरा हाती धरण्याची वाट त्या काळी मोकळी होत होती, एवढेच त्यावरून ध्यानात घ्यावे. त्या वाटेवर पुढच्या दोनच वर्षांत मुंबईत दोघे आले. अकबर पदमसी तेव्हा चाळिशी ओलांडलेले, नामवंत; १९५४ साली जहांगीर कलादालनातील चित्रांवरून अश्लीलतेचा खटला झेलून तो जिंकलेले. नलिनी मलानी तेविशीच्या. १९४६ साली कराचीत जन्मलेल्या, फाळणीने कुटुंबासह इकडे आलेल्या, जे. जे. कलाशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या.

१९६९ साली पदमसींना जवाहरलाल नेहरू पाठ्यवृत्ती मिळाली. दुसऱ्या कोणी त्या पैशात निवांत चित्रे काढली असती. पदमसींनी 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' काढले. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले यांनी एकत्र यावे, एकमेकांची साधने वापरून पाहावीत, असा बेत. सारा खेळ १९७२ पर्यंत, म्हणजे जेमतेम तीन वर्षे चालला. पण त्या अवधीत जे घडले, ते भारतीय सिनेमाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत अजूनही नीट आलेले नाही.

पदमसींचा 'सिझिजी' घ्या. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येतात, त्या स्थितीचे हे खगोलशास्त्रीय नाव. लघुपट सुमारे ११ मिनिटांचा, कृष्णधवल, मूक. पडद्यावर माणूस नाही, वस्तू नाही. बिंदू, रेषा आणि त्यांच्यातील संख्यांचे नाते, इतकेच. त्यासाठी पदमसींनी जवळजवळ १००० रेखाटने केली आणि राम मोहन यांनी ती सजीव केली. सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर ११ मिनिटांना १५,८४० चौकटी लागतात. म्हणजे एकेक रेखाटन सरासरी १६ चौकटी, अर्ध्या सेकंदाहून थोडे अधिक, डोळ्यांसमोर राहणार. या हिशेबावरूनच त्या लघुपटाची चाल समजते. तो पाहणाऱ्याची करमणूक करीत नाही, हे कबूल केलेच पाहिजे.

मलानींचे काम नेमके उलट्या दिशेचे. 'ड्रीम हाउसेस' हा त्यांचा १९६९ चा लघुपट ८ मिमी फिल्मवरचा, रंगीत. पुठ्ठ्याच्या घरांची प्रतिकृती, तिच्यावर बदलत जाणारा रंगीत प्रकाश, आणि एकेक चौकट टिपत केलेले चित्रण. हा काळ ध्यानात घ्या. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना नुकतीच मांडली होती. १९७० साली सिडको स्थापन व्हायची होती. सर्वांना घर मिळेल, नीटनेटके मिळेल, या नेहरूकालीन विश्वासाचे ते पुठ्ठ्याचे रूप होते.

मग १९७६. देशात आणीबाणी. मलानींनी त्या लघुपटाला दुसरा भाग जोडला: कृष्णधवल, उंच इमारतीच्या खिडकीतून मुंबई न्याहाळणारी एक तरुणी. दोन्ही भाग शेजारी शेजारी, दोन पडद्यांवर एकाच वेळी दाखवायचे. या जोडकृतीचे नाव 'युटोपिया'. एका पडद्यावर आश्वासन, दुसऱ्यावर त्याचे काय झाले ते. सात वर्षांचा राजकीय इतिहास असा दोन भिंतींत मावलेला मला दुसरीकडे क्वचितच दिसला.

आता हरवलेल्या रिळाकडे. 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' हा पदमसींचा १९६९ चा लघुपट, सहा-एक मिनिटांचा. स्वतःच्याच एका तैलचित्राचे आकार त्यांनी रंगीत प्रकाशातून पुन्हा घडवले होते. जोडीला गीता सराभाई यांचे इलेक्ट्रॉनिक संगीत होते. क्लाउड चेंबर हे पदार्थविज्ञानातील उपकरण: अणूहून सूक्ष्म कण त्यात दिसत नाही, पण तो गेला त्या वाटेवर बाष्पाचे थेंब जमतात आणि रेघ उमटते. या लघुपटाची प्रत एकच होती. प्रदर्शनासाठी बाहेर गेली, ती परत आलीच नाही.

हे केवळ दुर्दैव म्हणून सोडून देण्याजोगे नाही. धंद्यातला सिनेमा हरवला, तरी सेन्सॉरचे प्रमाणपत्र, जाहिराती, पुस्तिका, गाण्यांच्या तबकड्या मागे उरतात. 'आलम आरा'ची प्रत नसतानाही आपण त्याविषयी बरेच बोलू शकतो. चित्रकाराच्या खोलीत बनलेल्या सहा मिनिटांना यातले काहीच नसते. वितरक नाही, तिकीट नाही, म्हणून नोंदही नाही. मलानींचे सुरुवातीचे लघुपटही कित्येक दशके लोकांच्या नजरेआड होते. ते पुन्हा प्रकाशात आले, याचे एक साधे कारण असे, की त्या थांबल्या नाहीत. पुढे चलचित्र, सावल्या आणि चित्रे एकत्र करीत त्यांनी मोठमोठ्या मांडण्या केल्या. २०१७ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, २०२३ साली क्योटो पुरस्कार मिळाला. जगाचे लक्ष गेले, तेव्हा जुनी रिळेही उघडली गेली. पदमसी मात्र मुख्यतः रंगांकडेच परतले होते.

अखेर दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना गाठले. लघुपट आठवून सांगा, आपण तो पुन्हा करू, असा हा प्रयत्न होता. त्यातून २०१६ साली त्याच नावाचा नवा लघुपट तयार झाला. मूळ कृतीची ती प्रतिकृती नव्हे. सत्तेचाळीस वर्षांनंतर एका म्हाताऱ्या माणसाच्या स्मरणात जे शिल्लक होते, ते आहे. जानेवारी २०२० मध्ये पदमसी गेले.