मखरात बसवलेल्या गाड्या

१९७८ साली इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत ‘पेस कार’चा, म्हणजे सुरुवातीला ताफ्याच्या पुढे धावणाऱ्या गाडीचा, मान कॉर्व्हेटला मिळाला आणि शेव्हरलेने तिच्या काळ्या-चंदेरी प्रतिकृती विकायला काढल्या. किंमत १३,६५३ डॉलर. बघता बघता भाव भडकला. जादा पैसे मोजून लोकांनी गाड्या घेतल्या आणि थेट गॅरेजात झाकून ठेवल्या. दारांवर चिकटवायची शर्यतीची अक्षरं कित्येकांनी पाकिटाबाहेरही काढली नाहीत!

गोची एवढीच, की कंपनीने साडेसहा हजार गाड्या काढल्या होत्या आणि जपून ठेवायची युक्ती अनेकांना एकदमच सुचली होती. महागाई धरली तर गाडीची मूळ किंमत आज साठ हजार डॉलरांच्या पुढे जाते. बहुतेक गाड्या त्याच्या बऱ्याच खाली विकल्या जातात.

१९८७ च्या ब्युइक जीएनएक्सचं नशीब वेगळं. त्या निघाल्याच मुळी ५४७. तेव्हा तीस हजारांच्या आसपास मिळणारी ही काळी गाडी जेमतेम चाललेली असेल, तर लाख डॉलर सहज ओलांडते.

पुढे २०१८ च्या डॉज डीमनला ८४० अश्वशक्ती होती, गाड्या ३,३००. पुन्हा तीच झाकपाक. मग २०२३ मध्ये डॉजनेच १,०२५ अश्वशक्तीची डीमन १७० आणली.

शिवाय उभी गाडी फुकट उभी राहत नाही. विमा भरावा लागतो, टायर एका बाजूने चपटे होतात, टाकीतलं पेट्रोल नासतं, उंदीर वायरी कुरतडतात. मालक महिन्यातून एकदा गॅरेजचं दार उघडतो, इंजिन सुरू करतो, मैलांचा आकडा हलला नाही ना ते बघतो आणि पुन्हा कापड ओढतो.