वातारासेचा गाळ : आशिओ ते यानाका

१० डिसेंबर १९०१. जपानी संसदेच्या उद्घाटनाहून सम्राट मेइजींची बग्गी परतत असताना साठीला आलेला एक माणूस हातातला अर्ज उंचावत तिच्याकडे धावला. पोलिसांनी त्याला पकडले आणि वेडा ठरवून सोडून दिले. खटला चालवला असता तर तो अर्ज न्यायालयात वाचावा लागला असता. वेड ठरवणे अधिक सोयीचे होते.

त्या माणसाचे नाव तानाका शोझो. दोनच महिन्यांपूर्वी त्याने खासदारकीचा राजीनामा दिला होता. अर्जाचा विषय होता वातारासे नदीचा गाळ.

टोकियोच्या उत्तरेकडील आशिओच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी खालच्या मैदानात उतरून तोने नदीला मिळते. तिला पूर पूर्वीही येत, आणि ते नकोसे नव्हते. डोंगरावरील अरण्यातील कुजलेला पाला पुराबरोबर खाली येई आणि भातखाचरांत पसरे. नदीकाठच्या मळईचे मोल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना निराळे सांगायला नको : अशा जमिनीला वेगळे खत घालावे लागत नसे.

१८७७ मध्ये फुरुकावा इचिबेई यांनी आशिओची जुनी तांब्याची खाण विकत घेतली. काही वर्षांतच ती देशातील सर्वांत मोठी तांब्याची खाण झाली. भट्ट्यांच्या जळणासाठी आणि बोगद्यांच्या टेकूंसाठी झाडे तुटली. उरलेल्यांना धुराने मारले. तेथील खनिजात तांब्यासोबत गंधक असते. ते भाजताना निघणारा वायू दव-पावसात मिसळला की आम्ल बनतो. खाणीच्या वरच्या अंगाचे मात्सुकी हे गाव १९०२ पर्यंत ओसाड पडले.

मुळे मेली तेव्हा माती धरून ठेवणारे काही उरले नाही. पूर्वी जे पाणी अरण्याच्या जमिनीत मुरून सावकाश झऱ्यांना येई, ते आता उघड्या खडकावरून एकदम धावू लागले. वाटेत खाणीच्या टाकाऊ खडीचे ढीग होते. पूर मोठे झाले, वारंवार येऊ लागले, आणि पाल्याऐवजी तांबे वाहून आणू लागले.

तांबे पाण्याबरोबर सहज निघून जात नाही, हीच खरी अडचण. चिकणमातीचे आणि कुजलेल्या पाल्याचे कण त्याला घट्ट धरतात. म्हणजे जी माती जितकी कसदार, तितकी ती हे विष अधिक साठवणार! खाचरात पाणी जिथून शिरते तिथेच गाळ प्रथम बसे, म्हणून रोपे आधी तिथली करपत. शेतकऱ्यांनी पाण्याच्या तोंडाशी गाळ अडवणारे खड्डे खणले. काहींनी वरचा थर खरवडून शेतातच ढीग रचले. त्यांना ‘विषाचे ढीग’ अशा अर्थाचे नाव पडले.

१८९० च्या महापुरानंतर कृषी महाविद्यालयातील कोझाई योशिनाओ यांनी माती तपासली आणि तांब्याच्या संयुगांकडे बोट दाखवले. १८९१ मध्ये तानाकांनी संसदेत प्रश्न मांडला. १८९६ च्या पुरानंतर शेतकरी पायी टोकियोला निघाले. १८९७ मध्ये सरकारने खाणीला गाळण्या व साठवण-तळी बांधायला लावली. धूर मात्र थांबला नाही. १९०० मध्ये कावामाता येथे पोलिसांनी मोर्चा मोडून काढला.

त्यानंतर सरकारने प्रश्नाचे नावच बदलले. विषाचा प्रश्न पुराचा झाला, आणि पुरावर उपाय म्हणून नदीच्या खालच्या टोकाला मोठे साठवण-क्षेत्र आखले गेले. त्यासाठी निवडलेले गाव यानाका हे विरोधाचे केंद्र होते, हा योगायोग मानणे कठीण आहे. तानाका १९०४ मध्ये तिथेच राहायला गेले. १९०७ मध्ये हटून बसलेल्या शेवटच्या १६ कुटुंबांची घरे पाडण्यात आली. १९१३ मध्ये तानाका वारले.

धूर काबूत आला तो १९५६ मध्ये, नव्या भट्टीमुळे. १९५८ मध्ये टाकाऊ गाळाचा बांध फुटून विष पुन्हा शेतांत आले. १९७३ मध्ये खाण बंद झाली आणि १९७४ मध्ये शेतकऱ्यांना १ अब्ज ५५ कोटी येनची भरपाई मान्य झाली. २०११ च्या भूकंपात तोच बांध पुन्हा ढासळला. खालच्या पाण्यात शिशाचे प्रमाण मर्यादेच्या जवळपास दुप्पट आढळले.

यानाकाच्या जागी आज बोरूचे विस्तीर्ण रान आहे. २०१२ पासून ते रामसर यादीत आहे. वर आशिओच्या उतारांवर झाडे लावण्याचे काम अजून चालू आहे. तिथे रोपांबरोबर मातीही पिशव्यांतून वर वाहून न्यावी लागते.