‘अ‍ॅटलास’ येण्यापूर्वी

दरवर्षी 2 नोव्हेंबर रोजी पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटावर पुष्पे वाहिली जातात आणि ‘अ‍ॅटलास’ जहाजाचे स्मरण केले जाते. 1834 साली त्या दिवशी हे जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन बंदरास लागले. मॉरिशसमधील हिंदी माणसाची कथा तेथूनच सुरू होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि मराठी घरांतील मुलेही तेच पाठ करतात. घाटाच्या पायऱ्या मात्र त्या 36 जणांनी कधी पाहिल्याच नाहीत, कारण तेथील आगमन-केंद्र 1849 साली स्थापन झाले.

जुन्या कागदपत्रांत या 36 जणांस ‘धांगर’ म्हटलेले आढळते. ते वाचून एखाद्या मराठी वाचकास आपले मेंढपाळ धनगर आठवले, तर त्यास दोष देता येणार नाही. परंतु ही माणसे छोटा नागपूरच्या डोंगराळ मुलखातील होती. महाराष्ट्राशी त्यांचा काही संबंध नव्हता.

मग मराठी माणूस या समुद्रात प्रथम केव्हा आला? शोध घेता आणखी पाव शतक मागे जावे लागते. 1809 साली इंग्रजांनी रॉड्रिग्ज बेट ताब्यात घेतले, तेव्हा कर्नल कीटिंगच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांबरोबर मुंबईच्या देशी पायदळातील सुमारे 200 शिपाई होते. मुंबईच्या फौजेची भरती त्या काळी मोठ्या प्रमाणावर कोकणातून होत असे. मराठे आणि महार हे त्या फौजेचे आधारस्तंभ होते. पुढल्या वर्षी मॉरिशसवर चालून आलेल्या सैन्यातही मुंबई, मद्रास व बंगाल या तिन्ही इलाख्यांचे शिपाई होते, आणि 3 डिसेंबर 1810 रोजी फ्रेंचांनी बेट स्वाधीन केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्रां पोर येथे फ्रेंचांनी मिळविलेला आरमारी विजय शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक असतो. शिपायांचा उल्लेख क्वचितच कोणी करतो. वस्तुतः मराठी बोली या बेटांवर आली ती प्रथम खांद्यावर बंदूक घेऊन.

शिपाई परत गेले. त्यांच्यामागून आले ते मात्र परत जाण्यासाठी आलेले नव्हते, आणि त्यांचे नाव घरोघरी दबल्या आवाजातही काढले जात नाही. ते काळ्या पाण्याची शिक्षा झालेले बंदी होते. बेट जिंकल्यावर गव्हर्नर फार्कर यास सडका बांधण्यासाठी माणसे हवी होती. 1815 पासून 1837 पर्यंत बंगाल व मुंबई या दोन इलाख्यांतून सुमारे 1,500 बंदी येथे आणले गेले. त्यांत स्त्रिया अगदी बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. मुंबई इलाख्यात गुजराती मुलूख होता तसे कोकण होते, आणि पेशवाई बुडाल्यावर, म्हणजे 1818 नंतर, देशही होता. तेव्हा या बंद्यांत मराठी बोलणारे कोणीच नव्हते, असे म्हणण्यास काही आधार उरत नाही. सडका करणे, पूल उभारणे ही त्यांची नित्याची कामे. काहींस रेशमाच्या लागवडीवरही जुंपले होते.

या लोकांचे वर्णन एका जगप्रसिद्ध पुरुषाने करून ठेवले आहे. 1836 च्या एप्रिलअखेरीस ‘बीगल’ जहाज पोर्ट लुईसला आले, आणि त्यातून तरुण चार्ल्स डार्विन उतरला. बेटावर त्या वेळी सुमारे 800 हिंदी बंदी असल्याचे तो लिहितो. त्यांची भारदस्त चेहरेपट्टी आणि वृद्धांच्या पांढऱ्याशुभ्र दाढीमिशा पाहून तो थक्क झाला. पुष्कळांवर खुनासारखे गंभीर आरोप शाबीत झाले होते, हे त्याने लपविले नाही. पण काहींचा अपराध एवढाच होता की इंग्रजी कायदा त्यांच्या धर्मसमजुतीच्या आड आला. त्यांची स्वच्छता, शांत वागणूक आणि आचारधर्माची निष्ठा त्याने आवर्जून नोंदविली आहे. याच मुक्कामात सर्व्हेयर-जनरल कॅप्टन लॉइड याने त्याला आपल्या हत्तीवर बसविले. बेटावर तेवढा एकच हत्ती होता. एवढा थोरला प्राणी, पण पावलांचा आवाज मुळीच होत नाही, याचे डार्विनला फार नवल वाटले.

मराठी कुटुंबांच्या आठवणीत रत्नागिरीचे नाव आहे, बोटीवरचे हाल आहेत, मळ्यावरचा सरदार आहे. बंद्यांना तेथे जागा मिळाली नाही. आपल्या पूर्वजांना ‘कुली’ म्हणून हिणविले गेल्याचे दुःख ज्यांनी सोसले, त्यांनी आणखी एक डाग अंगावर घेऊ नये, हे समजण्याजोगे आहे. पण न्याय्य नाही. उन्हातान्हात हिंदी माणूस राबू शकतो, हे मळेवाल्यांनी प्रथम पाहिले ते या बंद्यांकडेच बोट दाखवून. करारबद्ध मजूर आणण्याच्या कल्पनेला त्यातून बळ मिळाले. 1842 च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई ही तिन्ही बंदरे मॉरिशससाठी खुली झाली, आणि कोकणातील माणूस अंगठा उठवून बोटीत चढू लागला.

‘अ‍ॅटलास’चे ते 36 जण दरमहा 5 रुपयांच्या बोलीवर आंत्वानेत मळ्याकडे निघाले, तेव्हा त्याच बेटावरील सडकांवर हिंदी बंदी काम करीत होते. त्यांना पगार नव्हता, आणि कराराची मुदतही नव्हती.