चुलीचा व छपराचा इतिहास

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे, तिच्यासाठी इतिहासावर काही लिहा, असे मला सांगण्यात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. राजेरजवाड्यांचा इतिहास जाणत्यांनी लिहावा. मी लिहीन तर चुलीचा व छपराचा. हवामानबदल, ऊर्जेची बचत हे शब्द हल्ली फलकांवर दिसू लागले आहेत आणि आपल्याला वाटते, हे काहीतरी नवेच निघाले. परंतु जळण कमी लागावे, धूर बाहेर जावा, घर धड असावे म्हणून सरकार आपल्या स्वयंपाकघरात डोकावू लागले त्याला सत्तर वर्षे होऊन गेली.

निजामी राजवट १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली, तरी १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. त्या राज्याच्या इंजिनिअरिंग संशोधनशाळेतले डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराची मातीची चूल तयार केली व १९५३ साली तिच्यावर इंग्रजीत एक पुस्तिका काढली. एकाच जाळावर ओळीने भांडी ठेवावीत, उरलेल्या उबेवर पाणी तापावे आणि धूर धुराड्यातून छपराबाहेर जावा, अशी ती योजना. त्याआधी १९४७ साली वर्ध्याच्या मगनवाडीतही 'मगन चूल' निघाली होती. एवढ्या शिकलेल्या माणसांनी बायकांच्या डोळ्यांतल्या पाण्याचा विचार केला, हे मला फार मोठे वाटते. त्यांना पृथ्वीच्या तापण्याची चिंता नव्हती; चुलीपुढे बसणारीची होती.

पुढे १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावच्या योजना त्यांच्यामार्फत येऊ लागल्या. १९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला व देशात ३ कोटींच्या वर चुली बसल्याची नोंद झाली. बसल्या किती ते मोजले. पेटत्या राहिल्या किती, हा हिशेब निराळा.

माझे माहेर लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातले. आमच्याकडेही एका गवंड्याने धुराड्याची चूल बसवून दिली होती. धूर खरोखर कमी झाला. परंतु आमचे जळण म्हणजे तुराट्या, पऱ्हाट्या, धसकटे आणि गोवऱ्या. चुलीचे तोंड बेताचे, त्यामुळे लांब तुराटी मोडून घालावी लागे. भाकरी तव्यावरून काढली की ती विस्तवापुढे उभी करून फुगवायची, त्याला तोंडाशी जागाच नव्हती. आणि भाकरी फुगली नाही तर घरात कोण बोलून घेणार, ते भगिनींना सांगायला नको. धुराड्यात काजळी साचली, पावसाचे पाणी आत येऊ लागले. गवंडी काही परत आला नाही. शेवटी आईने धुराड्याचे तोंड चिंध्या कोंबून बंद केले व जुनी चूल परत मांडली. त्या चुलीत दोष होता असे मी म्हणत नाही. भाकरी कशी भाजता, एवढे बसवण्याआधी कोणी आईला विचारले असते तर ती चूल टिकली असती.

विचारले म्हणजे काय होते, हेही मी पाहिले आहे. माझी सातवी झाली त्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून माणसे झोपलेली. आपली जुनी घरे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींची, वर माळवद, आणि माळवदावर दरसाल चढत गेलेली माती. तेच ओझे अंगावर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली.

पुनर्वसनात नवी गावे वसली ती सर्वांना ठाऊक आहेत. परंतु जी घरे उभी राहिली होती, त्यांच्या दुरुस्तीचे व मजबुतीचे काम त्याहून पसरलेले होते. पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकाला मिळे आणि काम त्याने स्वतः करून घ्यायचे. हे लोकांना समजावणार कोण? तेव्हा 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीने शेकडो गावांतील महिला मंडळांना 'संवाद सहायक' नेमले. आपल्यासारखीच मंडळे, बायो! हळदीकुंकू नि भजन करणाऱ्या बाया घरोघर जाऊन सांगू लागल्या की भिंतीत आरपार दगड घाला, माळवदावरची माती उतरवून ओझे हलके करा, तुळया-खांबांना तिरपे आधार द्या. गवंड्याने आरपार दगड घातला की नुसता दर्शनी बसवला, हे त्या उभ्या राहून पाहत. इंजिनिअर साहेबांपुढे प्रथम पदर सावरणाऱ्या बाया पुढे हप्ता का अडला म्हणून विचारू लागल्या. माझ्या मते मराठवाड्याच्या इतिहासात याला एक पान हवे.

एक गोष्ट मात्र त्या वेळी कोणाच्या ध्यानी आली नाही. माळवदाची भीती बसली आणि त्याच्या जागी पत्रे व स्लॅब आले. माळवद उन्हाळ्यात गार राही. पत्र्याची खोली वैशाखात भट्टी होते. मग पंखा, मग कूलर, मग विजेचे बिल. जीव वाचला हे खरेच, पण थंडावा गेला.

२००६ च्या सुमारास त्याच संस्थेच्या बायांनी मराठवाड्यात 'ऊर्जा' नावाची शेगडी विकली. विकणाऱ्यांना 'ज्योती' म्हणत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तिची रचना केली होती. बुडाशी छोटा पंखा आणि जळण म्हणजे उसाचे चिपाड वगैरे दाबून केलेल्या कांड्या. बायांना ती आवडली, कारण विकणारी ओळखीची आणि बिघाड सांगायला जवळची. पुढे चिपाडाचा भाव वाढला, कांड्या महागल्या आणि शेगड्या माळ्यावर गेल्या. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत बायकांच्या नावे गॅस आला. जोडणी मिळाली, तरी पुढची टाकी विकतच घ्यावी लागते, म्हणून मोलमजुरीच्या घरांत अजून सकाळी गॅस आणि संध्याकाळी चूल असे चालते. विजेच्या दिव्यांचे म्हणाल तर २०१५ पासून एलईडी स्वस्त झाले आणि ते काम मात्र कोणाला काही न विचारता पार पडले. दिव्याला भाकरी भाजायची नसते.

२ ऑक्टोबर २०२० रोजी राज्याच्या पर्यावरण खात्याने 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशा पाच नावांखाली ग्रामपंचायती व नगरपालिकांच्या कामाला गुण मिळतात. ऊर्जेची कामे अग्नीखाली येतात, हे मला मनापासून आवडले. सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला प्रधानमंत्री सूर्यघर योजना निघाली. तिच्यात एका किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन वा त्यावर ७८,००० रुपये अनुदान मिळते. मात्र घर स्वतःचे व छप्पर पाट्या पेलणारे हवे, आणि अनुदानापलीकडचा पैसा गाठीला असावा वा कर्ज काढावे.

आपल्या विष्णुपुरीत इंजिनिअरिंग कॉलेज आहे, विद्यापीठ आहे, मोठे सरकारी रुग्णालय आहे. त्यांच्या आसऱ्याने पुष्कळ कुटुंबे पत्र्याच्या खोल्यांतून भाड्याने राहतात. त्यांचे छप्पर त्यांचे नाही आणि बहुतेकींची चूलही सुटलेली नाही. येत्या ग्रामसभेला आपण पाचसहाजणी तरी जाऊ आणि विचारू की पत्र्याखालच्या त्या बाईला अग्नीच्या कोणत्या रकान्यात धरले आहे, आणि पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात द्यायला पंचायतीकडून किती मिळेल.