विवाह छायाचित्रांच्या संपादनाचे बाह्यस्रोतीकरण

विवाह छायाचित्रांच्या संपादनाचे बाह्यस्रोतीकरण म्हणजे लग्नसमारंभात टिपलेल्या छायाचित्रांची निवड, रंगसुधारणा, सफाई व अल्बमची मांडणी ही कामे छायाचित्रकाराने स्वतः न करता मोबदला देऊन अन्य व्यक्तीकडून किंवा संस्थेकडून करून घेणे. व्यवसायाच्या बोलीत याला ‘एडिटिंग बाहेर देणे’ असे म्हणतात. हे काम बाहेर द्यावे की नाही, हा प्रश्न केवळ वेळ आणि खर्च यांचा नाही. छायाचित्रकाराची शैली, कुटुंबाची खासगी माहिती आणि स्थानिक विवाहविधींची जाण यांच्याशीही तो निगडित आहे.

== पार्श्वभूमी ==

छायाचित्रणातील श्रमविभागणी जुनी आहे. निगेटिव्हवरील डाग शिसपेन्सिलीने झाकणारे आणि कृष्णधवल प्रतींवर हाताने रंग भरणारे कारागीर पूर्वी स्टुडिओंत असत. रंगीत फिल्मच्या काळात रोल धुण्याचे व प्रती छापण्याचे काम कलर लॅबकडे जाई. प्रचलित रोलमध्ये ३६ छायाचित्रे मावत असल्याने छायाचित्रकार मोजकेच टिपत असे.

डिजिटल कॅमेऱ्याने ही मर्यादा नाहीशी केली. ॲडोबी फोटोशॉप (१९९०) आणि ॲडोबी लाइटरूम (२००७) या आज्ञावलींमुळे लॅबमधील बरेचसे काम छायाचित्रकाराच्या संगणकावर आले. एका लग्नात हजारो छायाचित्रे टिपली जाऊ लागली आणि समारंभानंतरचे काम समारंभापेक्षा मोठे झाले. त्यामुळे हे काम पुन्हा बाहेर जाऊ लागले. मात्र दोन्ही काळांत एक महत्त्वाचा फरक आहे. कलर लॅब आलेला संपूर्ण रोल धुऊन देत असे; बाहेरच्या संपादकाकडे निवडही सोपवली, तर कोणते छायाचित्र कुटुंबाला दिसेल हेदेखील तोच ठरवतो.

== कामाचे टप्पे ==

* निवड : डोळे मिटलेली, हललेली व एकसारखी छायाचित्रे वगळणे.
* रंगसुधारणा : उजेड, छायाप्रकाश व रंगछटा एका पातळीवर आणणे.
* सफाई : त्वचेवरील डाग, पार्श्वभूमीतील तारा किंवा नको असलेल्या वस्तू काढणे.
* अल्बमची मांडणी : छायाचित्रांचा क्रम लावून पाने तयार करणे. भारतात ‘करिझ्मा’ अल्बम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात १२ × ३६ इंचांची जोडपाने प्रचलित आहेत.

मूळ ‘रॉ’ फाइल सरासरी ३० मेगाबाइटची धरल्यास ३,००० छायाचित्रांचा संच सुमारे ९० गिगाबाइट होतो. तो १०० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने पाठवण्यास किमान दोन तास लागतात. लाइटरूममध्ये मूळ फाइलऐवजी लहान आकाराच्या प्रती पाठवता येतात. संपादक त्यांवर काम करून केवळ बदलांची नोंद परत पाठवतो आणि ती नोंद मूळ फाइलींना लागू होते. मूळ छायाचित्रे छायाचित्रकाराकडेच राहतात.

== नवी मुंबईतील संदर्भ ==

सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या नवी मुंबईत जुनी गावठाणे आणि देशभरातून आलेल्या कुटुंबांच्या वसाहती शेजारी शेजारी आहेत. त्यामुळे येथील छायाचित्रकाराला एकाच हंगामात भिन्न पद्धतींची लग्ने टिपावी लागतात. तुळशीविवाहानंतर मुहूर्त सुरू होतात आणि एकाच तिथीस अनेक लग्ने येतात. चातुर्मासात काम मंदावते. कायम पगारी संपादक वर्षभर ठेवणे लहान व्यावसायिकास यामुळे कठीण जाते.

दुसरीकडे, स्थानिक जाण नसलेल्या संपादकाकडून चुका संभवतात. आगरी समाजाच्या लग्नात धवले गाणाऱ्या धवलारिणीला विधींमध्ये मानाचे स्थान असते. हे ठाऊक नसल्यास कडेला बसलेली वृद्ध स्त्री समजून तिची छायाचित्रे वगळली जाऊ शकतात. सूनमुख, कानपिळी यांसारखे क्षण अल्पकाळ टिकतात आणि दृश्यदृष्ट्या ते फारसे आकर्षक नसतात. हळदीच्या छायाचित्रांत ‘अचूक’ रंगसुधारणा केल्यास हळदीचा पिवळेपणाच फिका पडतो. न सांगता वधूचा वर्ण उजळ करणे हाही गंभीर दोष मानला जातो. कुटुंबाला ओळखीचा चेहराच त्यात परका वाटू लागतो.

== अनुकूल व प्रतिकूल मुद्दे ==

बाहेर काम दिल्याने छायाचित्रकारास नवी कामे घेण्यास, कुटुंबांशी बोलण्यास व विश्रांतीस वेळ मिळतो. अल्बम वेळेवर देता येतो. खर्च कामाच्या प्रमाणात होतो.

याउलट, शैलीत एकसारखेपणा येणे, दुरुस्तीसाठी फेऱ्या वाढणे आणि मदतनिसांची शिकण्याची संधी जाणे हे तोटे आहेत. स्वतःची छायाचित्रे तपासतानाच छायाचित्रकाराला आपल्या चुका कळतात. ती सवय सुटल्यास कौशल्याची वाढ खुंटते. निवडीत वगळलेल्या आजोबांचे ते शेवटचेच छायाचित्र ठरू शकते, ही हानी मात्र पैशांनी भरून निघत नाही.

या कारणांमुळे मधला मार्गही अवलंबला जातो. निवड छायाचित्रकार स्वतः करतो, रंगसुधारणा व मांडणी नमुना देऊन बाहेर करून घेतो आणि अंतिम तपासणी स्वतःकडे ठेवतो.

== कायदेशीर बाजू ==

भारताच्या कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम स्वामित्वहक्क, विरुद्ध करार नसल्यास, काम सांगणाऱ्याकडे असतो. त्यामुळे लेखी करार नसेल, तर बाहेरच्या संपादकाने ही छायाचित्रे स्वतःच्या जाहिरातीत वापरणे वादग्रस्त ठरते.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात. या अधिनियमानुसार माहितीवरील प्रक्रिया दुसऱ्याकडे सोपवली, तरी तिची जबाबदारी प्रक्रियेचा हेतू व पद्धत ठरवणाऱ्यावरच राहते. म्हणून काम बाहेर देण्यापूर्वी कुटुंबाला तशी कल्पना देणे, आणि फाइली किती दिवस ठेवायच्या व केव्हा पुसायच्या हे संपादकाशी लेखी ठरवणे हितावह असते.