एच.आय.व्ही. : कळले केव्हा, सांगितले केव्हा?

महाविद्यालयांत एड्सविषयी बोलण्याचा प्रसंग आला की दोन प्रश्न आम्हांला हमखास विचारले जातात. डास चावल्याने एड्स होतो का? आणि बाधित व्यक्तीबरोबर जेवल्याने? दोन्हींची उत्तरे १९८० च्या दशकातच मिळाली होती. तरीही हे प्रश्न टिकून का राहिले, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहायला हवा.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची नोंद आली. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसाला सहसा न होणारा न्यूमोनिया त्यांना झाला होता. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी, ल्यूक माँतान्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा विषाणू वेगळा केला. (या दोघांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.) हाच विषाणू रोगाचे कारण आहे, हे अजून सिद्ध व्हायचे होते. पण रोग्यांच्या नोंदी ताडून पाहून त्याच वर्षी प्रसाराचे मार्ग निश्चित झाले : लैंगिक संबंध, दूषित रक्त व सुया, आणि आईकडून बाळाला. स्पर्श, अन्न, पाणी व हवा यांतून हा रोग पसरत नाही, हेही तेव्हाच सांगितले गेले. औषध नव्हते, टाळण्याचा उपाय मात्र माहीत झाला होता.

भारतातील पहिला पुरावा एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातून आला. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) यांनी पदव्युत्तर विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांना हा विषय सुचवला. निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे व इतरांचे रक्तनमुने गोळा केले. १९८६ मध्ये बर्फाच्या पेटीतून ते रेल्वेने वेल्लोरकडे नेले. तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील चाचणीत सहा नमुने बाधित निघाले. पुढे अमेरिकेतील तपासणीत त्याला दुजोरा मिळाला. आपल्याकडे हा रोग येणारच नाही, ही समजूत एका प्रबंधाने खोटी ठरवली.

ज्ञान आले, पण समाजात भीती त्याच्या आधी पोचली. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला, केवळ रक्तचाचणी सकारात्मक आली म्हणून, पोलिसांकरवी ताब्यात घेऊन दोन महिन्यांहून अधिक काळ वेगळे कोंडून ठेवण्यात आले. तसे करण्याची मुभा तेव्हाच्या कायद्यातच होती. स्पर्शाने हा रोग होत नाही, हे सहा वर्षांपूर्वी ठाऊक झाले होते! डॉमिनिक १९९२ मध्ये वारले. त्याआधी त्यांनी बाधितांच्या मदतीसाठी संस्था उभी केली.

१९९१ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेने विद्यापीठांतून एड्सविषयी संवादाचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढल्या वर्षी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांशी बोलावे, ही कल्पना योग्यच होती. परंतु त्या काळच्या प्रचारात ‘एड्स म्हणजे मृत्यू’ हा सूर मोठा होता. घाबरलेला माणूस चाचणी टाळतो आणि शेजाऱ्याला टाळतो; संसर्ग मात्र टळत नाही.

शाळांत तर विषय आणखी अवघड ठरला. २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी किशोरवयीनांसाठीचा शिक्षण कार्यक्रम थांबवला. अशा शिक्षणाने मुले बिघडतील, ही धास्ती त्यामागे होती. युनेस्कोने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत अनेक देशांतील अभ्यासांचा आढावा आहे. लैंगिकता-शिक्षणामुळे मुलांतील लैंगिक संबंध वाढत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नांकडे वळू. डास चावताना आपली लाळ सोडतो, आधी शोषलेले रक्त नव्हे. शिवाय हा विषाणू डासाच्या शरीरात वाढत नाही, तो पचून नष्ट होतो. हिवतापाच्या परजीवीचे मात्र डासाच्या शरीरातच पुढचे जीवनचक्र चालते. वर्गात ही तुलना फळ्यावर मांडली, तर जीवशास्त्राचा एक उत्तम पाठ होतो. जेवणाचे उत्तरही सोपे आहे : एकत्र जेवल्याने, एक भांडे वापरल्याने संसर्ग होत नाही.

आज सांगण्यासारखे आणखी बरेच आहे. १९९६ पासून एकत्रित औषधोपचार रूढ झाले. २००४ पासून ते भारतात सरकारी रुग्णालयांत मोफत मिळू लागले. उपचार नियमित घेऊन रक्तातील विषाणूंची संख्या मोजता न येण्याइतकी कमी राहिली, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही. २०१७ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांतील भेदभावही निषिद्ध ठरवला आहे. २०२३ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे २५ लाख बाधित आहेत. त्यांत विद्यार्थीही आहेत. तुमच्या वर्गातला एखादा, न सांगता, तुमचे शब्द ऐकत असेल.

शिक्षकमित्रांना आम्ही एक साधा प्रयोग सुचवतो. वर्गात एक प्रश्नपेटी ठेवा. विद्यार्थ्यांनी नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकाव्यात. आठवड्याने त्या मोठ्याने वाचून उत्तरे द्यावीत. जे येत नसेल ते डॉक्टरांना विचारून सांगावे. वर्गात विचारता न आलेला प्रश्न मुले अन्यत्र विचारतातच, आणि तेथे मिळणारे उत्तर बरोबर असेल याची खात्री कोण देणार?